मागे कलणारी खुर्ची

गेल्या वर्षी माझ्या पुतणीनं पार्लर काढायचं ठरवलं. गाळा दहा फूट बाय बारा फुटांचा, भाडं बेताचं, कर्ज त्याहून बेताचं. आरसे, रॅक, बेसिन, इन्व्हर्टर असा सगळा हिशोब मांडून झाल्यावर खुर्चीपुरते जे पैसे उरले, त्यात एकच बरी खुर्ची बसत होती. "काका, एकाच खुर्चीवर केस कापायचे, थ्रेडिंग करायचं, फेशियल करायचं आणि डोकंही धुवायचं. अशी कुठली घेऊ? तुम्ही एवढं जुनं-पुराणं शोधता, हे शोधून द्या की!"

तिच्या बोलण्यात थोडी थट्टा होती. मी शिकलेला इतिहासकार नाही. सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयं, जुनी गॅझेटियर, पेटंटची कागदपत्रं असं जे हाती लागेल ते वाचत आलो. पण हा प्रश्न मला माझ्या घरातलाच वाटला. आमचं घराणं नाभिकांचं. आजोबांची धोकटी माझ्या कपाटात आहे. वडिलांनी चाळीस वर्षं सलून चालवलं. तरी सलूनची खुर्ची मागे का कलते, हे मी तोवर कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

विक्रेत्याच्या कॅटलॉगमध्ये त्या खुर्चीचं नाव 'ऑल पर्पज' असं होतं. सगळ्या कामांना एक. मग ही सगळी कामं एका खुर्चीत आली कधी, आणि ती तिथे खरंच सुखानं नांदतात का, हे पाहायला लागलो.

आमच्याकडे या कथेच्या सुरुवातीला खुर्चीच नाही. आजोबा बलुतेदार होते. धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चामड्याचा पट्टा, तुरटी आणि वाटी घेऊन ते घरोघर जायचे. गिऱ्हाईक ओसरीच्या पायरीवर किंवा पाटावर बसायचं आणि आजोबा समोर उकिडवे. डोकं मागे टेकवायला काही नसायचं, मान सांभाळायची ती न्हाव्याच्या डाव्या हातानं. वर्षाच्या शेवटी खळ्यावरून धान्य मिळायचं. यात कौशल्य मोठं होतं, पण न्हाव्याची जागा ठरलेली होती. तो मालकाच्या दारी जायचा आणि मालकाच्या पायाशी बसायचा.

अजून एक गोष्ट लपवून चालणार नाही. आजोबा गावातल्या सगळ्यांची हजामत करत नसत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत त्यांची धोकटी कधी उघडली नाही. ज्याला स्वतःला ओसरीवर चढू देत नव्हते, तो आपल्या खालच्याला ओसरीही देत नव्हता. जातीची उतरंड अशीच उभी राहते.

आणि या पाटासमोर बाई बसायची ती कशासाठी? सौंदर्यासाठी नव्हे. उच्चवर्णीय घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं आणि ते करायला बोलावणं जायचं आमच्याच माणसांना. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. आपल्या हातातलं हत्यार कुणाच्या अपमानासाठी वापरलं जातं, हे ओळखून त्या कारागिरांनी ते खाली ठेवलं. आजच्या प्रत्येक पार्लरमध्ये बाई स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या पैशानं येऊन बसते. त्यामागे असे नकारही आहेत, एवढं मला पुतणीला सांगायचं होतं.

आता खुर्चीकडे येऊ. कलणाऱ्या खुर्चीची वंशावळ शोधताना मी न्हाव्याकडून निघालो आणि पोहोचलो दंतवैद्याकडे. दोघांचं दुःख एकच होतं, समोरचं डोकं स्थिर राहत नाही. १७९० च्या सुमारास बॉस्टनचे दंतवैद्य जोसायाह फ्लॅग यांनी साध्या लाकडी विंडसर खुर्चीला डोकं टेकवायची, वर-खाली सरकणारी उशी जोडली. १८३२ मध्ये लंडनचे जेम्स स्नेल यांनी पाठ मागे कलणारी खुर्ची केली. १८६७ मध्ये अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी वेगवेगळ्या कोनांत झुकणाऱ्या खुर्चीचं पेटंट घेतलं आणि १८७७ मध्ये बेसिल विल्करसन यांची पंपावर वर उचलली जाणारी खुर्ची आली. नव्वद वर्षांत एका लाकडी खुर्चीला मान, कंबर आणि पाय असे सांधे फुटले.

हे सांधे न्हाव्याच्या खुर्चीलाही हवेच होते. दाढी करताना गळ्याची कातडी ताणलेली लागते, उजेड हनुवटीखाली पोहोचावा लागतो आणि उघडा वस्तरा चालत असताना डोकं तसूभरही हलून चालत नाही. बसल्या माणसाची मान नुसती मागे टाकली तर ती दोन मिनिटांत थरथरू लागते. पाठीसकट मागे कलवलं तर वजन खुर्ची घेते आणि मान मोकळी होते. कलण्याचं खरं कारण हे आहे. आराम नंतर आला, आधी आली ती सुरक्षितता.

१८७८ मध्ये आर्चर कंपनीची कलणारी न्हाव्याची खुर्ची आली. त्यापाठोपाठ सिनसिनाटीच्या यूजीन बर्निंगहाउस यांनी कलण्याबरोबर गोल फिरणारी खुर्ची काढली. फिरण्याचं महत्त्व आपल्याला आता जाणवत नाही, पण त्याआधी दुसरा गाल करायचा तर न्हाव्याला स्वतःला फिरावं लागे. मग सेंट लुईसचे अर्नेस्ट कोकेन. हे जर्मनीहून आलेले गृहस्थ आधी दाढीच्या चिनीमातीच्या मगांवर नक्षी काढून विकत. पुढे त्यांनी १८९० च्या दशकात तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी खुर्ची आणली आणि बाजूच्या एकाच दांड्यावर तिच्या सगळ्या हालचाली आणून ठेवल्या. तत्त्व शाळेत शिकतो तेच, पास्कलचं. बंद भांड्यातल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो. त्यामुळे पायाच्या लहानशा दाबानं, थोडं थोडं करून, अख्खा माणूस उचलला जातो. बिडाचा पाया, त्यावर पांढरं एनॅमल, निकेलचा मुलामा, चामड्याची गादी असं ते धूड शंभर किलोच्या पुढचं असे. ते उलटत नसे, कारण उलटून चालणारच नव्हतं.

या चकचकीत खुर्च्यांच्या जमान्यातला एक माणूस मला फार दिवस सोडत नव्हता. अलोन्झो हर्नडन. १८५८ मध्ये जॉर्जियात गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस न्हाव्याचं काम शिकला आणि अटलांटा शहरात त्यानं देशातल्या सर्वांत थाटामाटाच्या सलूनांपैकी एक उभं केलं. संगमरवर, झुंबरं, रांगेत मांडलेल्या उंची खुर्च्या. मालक काळा, कारागीर काळे आणि खुर्चीत बसणारे फक्त गोरे. १९०५ मध्ये त्यानं विमा कंपनी उभारली, तो लक्षाधीश झाला. तरी त्याच्याच रंगाच्या माणसाला त्याच्या खुर्चीत बसता येत नव्हतं. १९०६ च्या दंगलीत गोऱ्या जमावानं त्याच्या दुकानावरही हल्ला केला. हे वाचताना मला आजोबांची बंद धोकटी आठवली. देश वेगळा, काळ वेगळा, पैशात जमीन-अस्मानाचा फरक. पण कुणाला बसवायचं हे ठरवण्याचा अधिकार कारागिराकडे दिसतो आणि प्रत्यक्षात तो दुसऱ्याच कुणाकडे असतो, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे हा प्रश्न संविधान सभेत आला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, पुढे अनुच्छेद १५ झालेल्या तरतुदीवर चर्चा चालू असताना, दुकानांत भेदभाव करता येणार नाही यातल्या 'दुकान' शब्दाचा अर्थ काय, असं विचारलं गेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा अर्थ मुद्दाम व्यापक ठेवला. मोबदला घेऊन जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची जागा म्हणजे दुकान, आणि नुसतं आत शिरू देणं पुरेसं नाही, सेवाही मिळाली पाहिजे. हा खुलासा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वडिलांचं सलून दिसलं.

वडील गाव सोडून तालुक्याला आले ते १९६४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी. एका सुताराकडून त्यांनी सागवानी खुर्ची करून घेतली. पाठीमागे खाचा पाडलेली लोखंडी पट्टी, तिच्यावर वर-खाली सरकणारी डोक्याची उशी. पाठ दोन खाचा मागे जायची, त्यापुढे नाही. ती उंच होत नसे, म्हणून लहान पोरांसाठी हातांवर आडवी फळी टाकायची. माझे सगळे जावळानंतरचे केस त्या फळीवर पडले आहेत.

दुकान सुरू होऊन काही महिने झाले असतील. एक दिवस आमच्याच गावचा, वस्तीतला एक तरुण आला आणि खुर्चीत बसला. वडिलांनी त्याला ओळखलं. त्यानंही ओळखलं. वडील सांगत, "पंचा झटकला आणि तसाच हातात धरून राहिलो. लई वेळ नसंल, पण मला लई वाटला. मग बांधला." यात ते स्वतःला शाबासकी देत नसत. त्या थांबण्याची त्यांना लाजच वाटे. पण गावातल्या ओसरीवर जे घडलं नसतं ते दुकानात घडलं, आणि त्यात खुर्चीचा वाटा होता असं मला वाटतं. खुर्ची दारात मांडली की ती पैसे देणाऱ्या कुणाचीही असते. आणि न्हावी उकिडवा बसायचा तो उभा राहिला. ज्यांच्या दारी तो जायचा ते त्याच्या दारी येऊ लागले.

या उभं राहण्याची किंमतही होती. वडिलांच्या पिंढऱ्यांवरच्या नसा साठीतच निळ्या दोरांसारख्या फुगल्या. खुर्ची उंच होत नव्हती, म्हणून ते वाकत. ती पुरेशी कलत नव्हती, म्हणून आणखी वाकत. बसणाऱ्याच्या सुखाबद्दल कॅटलॉग पानंच्या पानं लिहितं. उभ्या असणाऱ्याबद्दल त्यात ओळ सापडणं कठीण.

इकडे अमेरिकेत दाढीच्या खुर्चीचे दिवस फिरले ते एका पातळ पात्यामुळे. १९०४ मध्ये किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांना असे रेझर वाटले गेल्यावर घरी दाढी करण्याची सवय देशभर पसरली. त्याच सुमाराला उलट दिशेनं दुसरं गिऱ्हाईक आलं. १९२० च्या दशकात बायकांनी केस आखूड, 'बॉब' करायला सुरुवात केली आणि कापायला त्या थेट पुरुषांच्या सलूनात शिरल्या. काहींनी भुवया उंचावल्या, पण खुर्च्या रिकाम्या होत्या.

इथे खुर्चीच्या घराण्याला दोन फांद्या फुटल्या. दाढीसाठी पाठ उंच हवी, उशी हवी, कलणं हवं. केस कापायला नेमकं उलटं. मानेमागची रेघ कापायची तर पाठ खांद्याखाली संपली पाहिजे, उशी आड येता कामा नये आणि बसणारी ताठ बसली पाहिजे. म्हणून बायकांच्या केशरचनेची खुर्ची बुटक्या पाठीची, हलकी आणि न कलणारी झाली. दोन्ही फांद्या पुन्हा एकत्र आणण्याची खटपट म्हणजेच आजची 'ऑल पर्पज' खुर्ची. तिची उशी काढता येते, पाठ दांड्यावर कलते, पाय उचलले जातात. या धंद्याचं केंद्रही पुढे सरकलं. १९२१ मध्ये ओसाकात ओतकामाचा कारखाना म्हणून सुरू झालेली जपानची ताकारा कंपनी १९३१ पासून न्हाव्यांच्या खुर्च्या करू लागली, नंतर अमेरिकेत शिरली आणि शेवटी कोकेनचा कारखानाही तिच्याकडे गेला. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात तर तिचं स्वतःचं दालन होतं, वास्तुकार किशो कुरोकावा यांनी उभारलेलं. ओतकामाच्या भट्टीपासून तिथपर्यंत पोहोचायला पन्नास वर्षंही लागली नाहीत.

चौथं काम राहिलं, डोकं धुण्याचं. 'शाम्पू' हा शब्द आपल्याकडच्या चांपण्यातून, चंपीतून इंग्रजीत गेला. पाटण्याचे दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेचं स्नानगृह काढलं. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत बसे आणि कापडाच्या फटींतून हात आत घालून त्याचं अंग चोळलं जाई. याला ते 'शाम्पूइंग' म्हणत, आणि राजा चौथ्या जॉर्जनं त्यांना आपल्या सेवेत नेमलं होतं. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ मालिश. केस धुण्याचा अर्थ नंतर चिकटला आणि मग हा शब्द बेसिनसकट आपल्याकडे परत आला.

पण याच बेसिनपाशी मला थांबावं लागलं. १९९३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मायकेल वाइनट्रॉब या मेंदूविकारतज्ज्ञांनी पाच स्त्रियांची हकिगत मांडली. सलूनमध्ये बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर त्यांना पक्षाघातासारखा त्रास झाला होता. कारण असं की मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. बेसिनच्या कडक काठावर मान जास्त मागे दुमडली तर त्या दबू शकतात, त्यांचं अस्तर फाटू शकतं. असं क्वचितच घडतं, घाबरून जाण्यासारखं नाही. पण हैदराबादमध्येही २०२२ साली पार्लरमध्ये केस धुताना एका पन्नाशीच्या बाईंना असा झटका आल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

मला यातली उलटापालट जाणवली. कलणारी खुर्ची जन्मली ती मानेवरचा भार काढून घेण्यासाठी. पाठ आणि मान एका रेषेत ठेवून सगळं शरीर मागे न्यायचं, हा तिचा सगळा शोध. आणि पाठ ताठ, मान तेवढी मागे लोंबती, हे तिनं जे टाळायला शिकवलं होतं, तेच आपण बेसिनपाशी पुन्हा सुरू केलं. फ्लॅगच्या उशीच्याही मागे गेलो.

ही सगळी शिदोरी घेऊन आम्ही विक्रेत्याकडे गेलो, पुतणी, वहिनी आणि मी. वहिनींना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे, म्हणून मी त्यांना मुद्दाम नेलं. सशक्त माणसाला कुठलीही खुर्ची बरी वाटते. विक्रेता कोचाचे रंग दाखवत होता. आम्ही टेप काढला. खुर्ची पूर्ण कलल्यावर डोक्यापासून पायापर्यंत पावणेसहा फूट जागा खात होती. बारा फुटांच्या गाळ्यात आरशाकडे तोंड करून ती मांडली तर मागे बेसिन बसत होतं, पण मधून माणूस जायला वाट उरत नव्हती. शिवाय पाठ कलताना डोकं नुसतं खाली जात नाही, मागेही सरकतं. त्यामुळे बेसिन एका उंचीच्या बाईला जुळलं की दुसरीला चुकतं. वहिनींना कलवून बेसिनच्या नमुन्यावर नेलं तर मानेखाली तीन बोटं पोकळी राहिली. त्या म्हणाल्या, "इथं मान लोंबते गं."

तिथेच ठरलं. चार कामांतली तीन या खुर्चीवर करायची, चौथं नाही. डोकं धुणं सुरुवातीला बंद. पुढे पैसे जमले की उंची बदलणारं, मानेखाली मऊ आधार असलेलं वेगळं बेसिन. पुतणी जरा हिरमुसली, कारण हेअर स्पाचे पैसे बरे मिळतात. पण विक्रेत्याचं 'ऑल पर्पज' आणि आपलं 'सगळं' एक नसतं, हे तिला पटलं.

उरलेली निवड उभ्या असणारीच्या बाजूनं केली. थ्रेडिंग करताना गिऱ्हाइकाची भुवई तिच्या कोपराच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे कंबर वाकत नाही. त्यासाठी पंपानं खुर्ची निदान सहा इंच उचलली गेली पाहिजे आणि दांडा उजव्या-डाव्या दोन्ही हातांना सापडला पाहिजे. उशी एका हातानं निघावी. रेक्झिनच्या शिवणी कमी असाव्यात, कारण कापलेले केस आणि रंग तिथेच साठतात. पाया रुंद आणि जड असावा. पाठ मधल्या कुठल्याही कोनात थांबावी, वडिलांच्या खुर्चीसारखी दोनच खाचांवर नव्हे. ज्या खुर्चीत हे सगळं होतं ती कॅटलॉगमधली सर्वांत देखणी नव्हती. तपकिरी होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी वडिलांना गाळ्यात आणलं. आता ते पंचाऐंशीचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना खुर्चीत बसवलं, पण असल्या खुर्चीत ते स्वतः कधी बसले नव्हते. पुतणी म्हणाली, "आबा, बसा ना." ते बसले. तिनं पायानं पंप मारून त्यांना वर उचललं, पाठ कलवली, उशी मानेखाली नीट सरकवली. त्यांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोप लागली.

"बोलू नगा," ते डोळे न उघडता म्हणाले. "धा मिनिटं अशीच ठेव. खाली बसती का बघतोय."

जुन्या पंपाचं तेल गळू लागलं की खुर्ची गिऱ्हाइकासकट हळूहळू खाली उतरते. कात्री केसांत असताना हे ध्यानात येत नाही, ध्यानात येतं ते कान कापल्यावर. हे कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हतं, माझ्या टिपणांतही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सलूनांत पाहिलेलं होतं. पुतणीनं भिंतीवर, खुर्चीच्या हाताच्या उंचीला पेन्सिलीनं रेघ मारली आणि मोबाइलवर वेळ लावली.

दहा मिनिटांनी हात रेघेवरच होता. वडील उठले, खुर्चीच्या दोन्ही हातांमधलं अंतर वितीनं मोजलं आणि मला म्हणाले, "जुनी फळी माळ्यावर हाय बघ. हितं बसंल. पोरं येतील की."